८५ हजारात गेमिंग लॅपटॉप, इंदूरचा उन्हाळा धरून

तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू देवासचा, इंदूरला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, भंवरकुआंजवळ रूम घेऊन राहणार, बजेट ८० ते ८५ हजार. आत्ता मित्राच्या पीसीवर व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळतोस, स्वतःचं मशीन आलं की सायबरपंक २०७७ खेळायचाय, शिवाय कोडिंग आहेच. दुकानदाराने तीन लॅपटॉप दाखवलेत. पहिला हलका, पातळ, आय ७-१३५५यू आणि आरटीएक्स २०५० वाला (आय ७, आय ५ हे प्रोसेसर, आरटीएक्स म्हणजे एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड). दुसरा जाडजूड, आय ५-१२४५०एच आणि आरटीएक्स ४०५०. तिसरा पातळ मेटल बॉडीचा, आरटीएक्स ४०६०, पण तो ९२ हजार. बाबा म्हणतात आय ७ घे, मित्र म्हणतो ७ हजार कुठूनतरी उभे कर आणि ४०६० घे, आणि तू विचारतोयस कोणाचं ऐकू.

मी इंदूरला आरएनटी मार्गावर, सिल्व्हर मॉलच्या जवळपास, १६ वर्षं लॅपटॉप रिपेअर करतोय. विकतो पण थोडे, खरं काम टेबलावरचं, उघडायचं, साफ करायचं, बोर्ड दुरुस्त करायचे. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान आहेस म्हणून तू म्हणतोय.

माझं उत्तर दुसरा, जाड वाला. पण एक गोष्ट बघून मग, आणि ती गोष्ट काय ते सांगण्यासाठीच हे सगळं लांबलचक लिहितोय, कारण उद्या त्या दुकानात तो मॉडेल संपला आणि चौथाच कुठला तरी दाखवला तर तुला स्वतःला ठरवता आलं पाहिजे.

बघ, तू विचारतोयस की कुठला प्रोसेसर, कुठलं कार्ड. माझ्या टेबलावर जे गेमिंग लॅपटॉप येतात त्यांचं दुखणं त्या नावांत क्वचितच असतं, ते उष्णतेत असतं. गेम चालू असताना प्रोसेसर साधारण ४५ वॅट खातो आणि ग्राफिक्स कार्ड ९०-१०० वॅट. मिळून १४० वॅट धर. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, दुसरीकडे कुठे जात नाही. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब आठवतो का, घरात मोठ्यांना विचार, पेटलेला असताना त्याला हात लावता यायचा नाही. असे जवळजवळ दीड बल्ब अडीच सेंटीमीटर जाडीच्या डब्यात, आणि बाहेर काढायला दोन छोटे पंखे आणि थोड्या तांब्याच्या नळ्या. डबा जितका पातळ तितक्या नळ्या चपट्या, पंख्याची पाती लहान. मग कंपनीसमोर एकच रस्ता उरतो, कार्डाला वीजच कमी द्यायची.

आणि इथेच घोळ होतो. आरटीएक्स ४०६० नाव एकच, पण एनव्हिडियाने लॅपटॉपच्या ४०६० साठी ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत मोकळीक ठेवलीये, डायनॅमिक बूस्ट, म्हणजे प्रोसेसरची उरलेली वीज कार्डाला द्यायची सोय, धरून काही मशीन १४० पर्यंत जातात. ४०५० चंही तसंच. म्हणजे दोन लॅपटॉपवर स्टिकर अगदी सारखं आणि आत एकाला दुसऱ्याच्या निम्मी वीज मिळतेय असं होऊ शकतं. पातळ बॉडीतलं ६०-६५ वॅटचं ४०६० आणि जाड बॉडीतलं १०० वॅटचं ४०५०, हे दोन मी टेबलावर शेजारी ठेवून एकच गेम चालवून बघितलेत, फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, जवळजवळ सारख्या येतात. ४०६० कडे मेमरी जास्त आहे, ८ जीबी, ४०५० कडे ६, तो फायदा खरा आहे आणि त्यावर पुढे येतो. पण ताकद म्हणशील तर मित्र ज्या ७ हजारांचं बोलतोय त्यातले बरेचसे धातूच्या बॉडीत जाणारेत.

म्हणून ती एक गोष्ट. दुकानदाराला विचार की या मॉडेलमध्ये कार्ड किती वॅटचं आहे, टीजीपी किती. त्याला माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर पूर्ण मॉडेल नंबर टाकून स्पेसिफिकेशनमध्ये बघ, चांगल्या कंपन्या आता लिहितात. आणि डेमो पीस चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघड, त्यात सिस्टिम इन्फर्मेशन, तिथे कमाल ग्राफिक्स पॉवर वॅटमध्ये लिहिलेली असते, दोन मिनिटांचं काम. ४०५० असेल तर ८० च्या खाली घेऊ नकोस, ९०-९५ मिळालं की पुरे. १०० च्या वर या दोन्ही कार्डांना फार काही मिळत नाही, आवाज तेवढा वाढतो, त्यामुळे १४० चा आकडा बघून भुलायचंही कारण नाही.

हे नाव-बिव पाहून फसण्याचं दुःख मला माहितीये. २०१६ साली भाच्यासाठी मी स्वतः लॅपटॉप निवडला होता, तेव्हाही मी याच धंद्यात. ग्राफिक्स मेमरी ४ जीबी लिहिलेली पाहिली आणि घेतला. नंतर उघडून बघितलं तर कळलं की ते कार्ड एकाच नावाने दोन तऱ्हेच्या मेमरीत यायचं, एक जीडीडीआर५ वाली आणि एक डीडीआर३ वाली, आणि भाच्याच्यात दुसरी. आकडा ४ चा ४ च, पण मेमरीचा वेग फार कमी. पोरगं तीन वर्षं सगळ्या सेटिंग लो वर ठेवून खेळलं, एकदाही तक्रार केली नाही, ते मला जास्त लागलं. तेव्हापासून मी ग्राहकाला आधी आकड्यामागचा आकडा विचारायला लावतो.

आता बाबांचं आय ७. त्यांची काही चूक नाही, दुकानात सगळे तेच सांगतात. त्यांना एवढंच दाखव की नंबरच्या शेवटी कुठलं अक्षर आहे. १३५५यू मधला यू म्हणजे १५ वॅटचा, बॅटरी वाचवणारा प्रोसेसर, ऑफिसच्या कामाला उत्तम, मी स्वतः दुकानाच्या हिशोबाला तसलाच वापरतो. त्याच्यात एकूण कोर, म्हणजे प्रोसेसरमधले काम करणारे भाग, १० पण त्यातले दमदार कोर फक्त २, बाकी ८ छोटे. तुझ्या आय ५-१२४५०एच मध्ये दमदार ४ आणि छोटे ४, आणि तो ४५ वॅटचा आहे. गेम दमदार कोर मागतात. म्हणजे इथे आय ५ हा आय ७ पेक्षा सरस आहे, आणि जुन्या पिढीचा असूनसुद्धा. एच किंवा एचएक्स दिसलं की गेमिंगसाठी ठीक, यू दिसलं की पुढे चाल. रायझनमध्ये बघायचं झालं तर ७००० च्या मालिकेत तिसरा अंक बघ, ७७३५एचएस मध्ये तिसरा अंक ३, म्हणजे आतली रचना जुनी, ७८४०एचएस मध्ये ४, म्हणजे नवी. ७७३५ वाईट नाही हां, स्वस्तात मिळाला तर घेण्यासारखा आहे, फक्त नवा म्हणून नव्याच्या भावाने घेऊ नये.

आणि २०५० बद्दल एकदा स्पष्टच लिहितो. मेमरी ४ जीबी, आणि त्या मेमरीचा रस्ता ६४ बिटचा, ३०५० च्या ४ जीबीवाल्याला १२८ बिटचा होता. जीटीए ५ पीसीवर २०१५ साली आला, तो यावर चालेल. व्हॅलोरंट तर छान चालेल, तो हलका गेम आहे, त्याला कार्डापेक्षा प्रोसेसर आणि स्क्रीन लागते. पण तू सायबरपंक म्हणतोयस, त्याच्या कंपनीने दिलेली किमान अट ६ जीबी मेमरीचं जीटीएक्स १०६०, १२ जीबी रॅम आणि ७० जीबी एसएसडी अशी आहे. म्हणजे २०५० मेमरीच्या बाबतीत किमान अटीच्याच खाली. घेतल्या दिवशीच जे कमी पडतंय ते इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षी काय करेल.

मेमरीचा विषय निघालाच आहे तर ६ आणि ८ जीबीचं. मेमरी कमी पडली की फ्रेम हळूहळू कमी होत नाहीत, गेम मधेच अडकतो, अर्धा सेकंद थांबतो, परत चालतो, आणि टेक्स्चर पुसट दिसायला लागतात. सरासरी फ्रेम कागदावर ठीक दिसतात आणि खेळताना मात्र चीड येते. १०८० च्या (१९२० बाय १०८० ठिपक्यांच्या) स्क्रीनवर, टेक्स्चर मीडियम-हायच्या मध्ये ठेवून ६ जीबीत आजचे बहुतेक गेम होतात, पण पुढच्या चार वर्षांचा विचार केला तर ८ बरं. आणि लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स मेमरी नंतर वाढवता येत नाही, चिप बोर्डावर सोल्डर असते. त्यामुळे जाड बॉडीत, पूर्ण वॅटचं ४०६० तुझ्या बजेटपासून ४-५ हजारांवर कुठे सापडलं तर मी म्हणेन ताण, त्या जास्तीच्या पैशांचं सोनं होईल. २०२५ मध्ये आरटीएक्स ५०५० पण आलंय, लॅपटॉपच्या ५०५० ला ८ जीबी मेमरी आहे, ते ४०५० च्या भावाच्या आसपास मिळालं तर विचार न करता ते घे. दुकानदार जुना स्टॉक आधी काढतो, विचारल्याशिवाय दाखवणार नाही. दिवाळीच्या सेलपर्यंत कॉलेजच्या लॅबवर भागत असेल तर थांबायलाही हरकत नाही, हे तुझ्या परिस्थितीवर आहे.

आता आपल्या गावाच्या हवेचं, कारण हे व्हिडिओत कोणी सांगत नाही. सगळे रिव्ह्यू एसीच्या खोलीत होतात. प्रोसेसर साधारण १०० अंशांला स्वतःला आवरतो, वेग कमी करतो. खोलीत २५ अंश असेल तर त्याच्याकडे ७५ अंशांची जागा आहे. मे महिन्यात वरच्या मजल्यावरच्या, पत्र्याच्या किंवा तापलेल्या स्लॅबखालच्या रूममध्ये दुपारी ४० होतं, तेव्हा जागा उरली ६०. पंखे तेच, नळ्या त्याच, पण बाहेर फेकता येणारी उष्णता पाचव्या हिश्श्याने कमी. म्हणजे रिव्ह्यूत जो लॅपटॉप काठावर पास झालाय तो इथे मे महिन्यात नापास होतो. जाड घे म्हणतो ते यासाठीच, त्याच्याकडे तेवढा हात राखून असतो. आणि आपलं नशीब की माळव्याच्या रात्री उन्हाळ्यातही बऱ्या असतात, शब-ए-माळवा उगाच म्हणत नाहीत, तर मे-जूनमध्ये मोठे गेम रात्रीच खेळ, दुपारी व्हॅलोरंटवर भागव.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगा आला, म्हणे भिया, बीस मिनट में बंद हो जाता है. वर्षाचासुद्धा नव्हता लॅपटॉप. खालचं झाकण उघडलं तर तांब्याच्या जाळीवर धूळ आणि कापसाचा असा थर बसलेला की चिमट्याने धरून सलग पट्टी निघाली, नमद्यासारखी. विचारलं कुठे ठेवून खेळतोस, तर गादीवर. खालून हवा ओढणारं मशीन गादीवर ठेवलं की तोंड दाबून पळायला लावल्यासारखं होतं, शिवाय गादीतला कापूस आत. जाळी साफ केली, चिपवरची उष्णता नेणारी पेस्ट बदलली, मागची बाजू वर राहील असे दोन रबरी पाय चिकटवून दिले, लॅपटॉप ठणठणीत. तू टेबल घे. ८५ हजारांच्या मशीनबरोबर हजार-बाराशेचं साधं लाकडी टेबल, आणि मागच्या बाजूला दोन बोटं उंची, एखादं जुनं जाड पुस्तक ठेवलं तरी चालतं, फक्त हवेची छिद्रं मोकळी सोडायची. पंखेवाले कूलिंग पॅड विकणारे खूप सांगतील, मला स्वतःला नुसत्या उंचीने जेवढा फरक दिसलाय त्याच्यावर पॅडने थोडाच जास्त मिळतो. वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, ऊन वाढायच्या आधी साफसफाई करून घे. वॉरंटीत असेल तर आधी कंपनीला विचार, उघडलेलं चालतं का ते.

दुकानात मशीन हातात आलं की अजून एक बघ, गरम हवा कुठून निघते. मागून निघत असेल तर उत्तम. काहींना उजव्या बाजूलाही जाळी असते, आणि माउस धरलेला हात तासभर त्या झळीत राहतो. खेळणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी कळतं आणि तोपर्यंत बिल झालेलं असतं.

स्क्रीनबद्दल दुकानदार तुला १४४ हर्ट्झ एवढंच सांगेल. ते हवंच, ६० हर्ट्झवर एक चित्र १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ वर ६.९, व्हॅलोरंटमध्ये समोरचा कोपऱ्यातून निघाला की हा फरक दिसतो. पण स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये स्क्रीनचे रंग फार कमी असतात, कागदावर ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ लाल रंग विटेसारखा आणि सगळं चित्र धुतलेलं. १०० टक्के एसआरजीबी लिहिलेलं असेल आणि ३०० निट्स उजेड असेल तो घे, तू दिवसाचे आठ-दहा तास त्याच्याकडे बघणार आहेस, कोड लिहितानाही. तिसऱ्या पातळ लॅपटॉपची स्क्रीन २५६० बाय १६०० असेल तर ती सुंदर दिसेल यात वाद नाही, पण तिच्यात १०८० पेक्षा जवळजवळ दुप्पट ठिपके, तेवढे ठिपके रंगवायला कार्डाला दुप्पट काम, आणि तिथे वीज आधीच कमी. शेवटी तू गेममध्ये रिझोल्यूशन खाली आणूनच खेळशील. आणि एमयूएक्स स्विच आहे का विचार, ते असलं की कार्डातून निघालेलं चित्र सरळ स्क्रीनला जातं, प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधून वळसा घेत नाही. व्हॅलोरंटसारख्या जास्त फ्रेमच्या गेममध्ये त्याचा चांगला उपयोग होतो.

रॅम आणि एसएसडीवर मी जास्त वेळ घालवत नाही कारण ते नंतर बदलता येतं, बहुतेक जाड गेमिंग लॅपटॉपमध्ये तरी. बदलता येतं का एवढंच खात्री करून घे, बऱ्याच पातळ मशीनमध्ये रॅम सोल्डर असते. १६ जीबी हवीच. दोन पट्ट्या असतील तर छान, एकच १६ ची असेल तर नंतर दुसरी टाक, एका पट्टीवर मेमरीचा रस्ता अर्धाच वापरला जातो आणि गेमच्या फ्रेम पडतात. एसएसडी ५१२ जीबीची मिळेल आणि ती लवकर भरेल, आजचे मोठे गेम १००-१५० जीबी खातात, म्हणून दुसरा एम.२ स्लॉट, म्हणजे एसएसडी बसवायची जागा, रिकामा असलेला बघ. पैसे वाटायचा माझा हिशोब असा, की जे कधीच बदलता येणार नाही, म्हणजे कार्ड, त्याचे वॅट, कूलिंग आणि स्क्रीन, तिथे आज घाल, आणि जे स्क्रू उघडून बदलता येतं ते पुढच्या वर्षीच्या पैशांवर सोड.

तू विचारलंस तसं, कोडिंगसाठी वेगळं काही लागत नाही, हे मशीन कॉलेजच्या कामाला भरपूर आहे, एनव्हिडियाचं कार्ड असल्यामुळे पुढे मशीन लर्निंग केलंस तर कुडाही (कार्डावर हिशोब चालवायची एनव्हिडियाची सोय) चालेल. एक सावधगिरी. तुझ्यासारखे मुलं दुसऱ्या सेमिस्टरला लिनक्स टाकतात, टाकताना कुठलातरी व्हिडिओ बघून बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट बंद करतात, आणि मग माझ्याकडे येतात की व्हॅलोरंट सुरूच होत नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंटच्या व्हँगार्डला, म्हणजे चीटिंग पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. आजकाल उबुंटूसारखे लिनक्स सिक्युअर बूट चालू ठेवूनही बसतात, तेव्हा बंद करायची गरज नाही.

सेकंड हँडचंही विचारलंयस. सिल्व्हर मॉलमध्ये ऑफिसमधून निघालेले सेकंड हँड लॅपटॉप ढिगाने मिळतात आणि त्यातले बरेच चांगले असतात, मी पण विकतो. पण सेकंड हँड गेमिंग लॅपटॉप मी ओळखीच्या माणसाला देत नाही. त्याची चिप तीन वर्षं रोज ८०-९० अंशांवर तापून थंड होत आलेली असते, सोल्डर थकलेलं असतं, आणि प्रोसेसर, कार्ड सगळं एकाच बोर्डावर, म्हणजे एक गेलं की पूर्ण बोर्ड. बोर्डाचा खर्च ऐकून लोक माझ्या काउंटरवर गप्प उभे राहिलेले मी पाहिलेत. याच कारणाने नव्या मशीनला जास्तीची वॉरंटी घे असं मी सांगतो, गेमिंगच्या बाबतीत तीन वर्षांची, आणि शक्यतो घरी येऊन दुरुस्ती करणारी. कंपनीची घे, दुकानाची कागदी नको.

इथे एक खरी अडचण सांगून ठेवतो, जी तुझ्या परिस्थितीवर आहे. तू जर म्हणाला असतास की चार वर्षं देवासलाच घरी राहून जाऊन-येऊन करणार, तर मी म्हटलं असतं याच पैशांत डेस्कटॉप लाव. डेस्कटॉपचं ४०७० आणि लॅपटॉपचं ४०७० नावाने एक, पण डेस्कटॉपच्याला ५,८८८ कोर आणि १२ जीबी, लॅपटॉपच्याला ४,६०८ कोर आणि ८ जीबी, हे एका उदाहरणावरून समज. पण रूम, सुट्टीला घर, लॅबमध्ये प्रोजेक्ट, हे असलं की लॅपटॉपच लागतो. फक्त हे मनात पक्कं कर की रोज पाठीवर घेऊन फिरायचं हे मशीन नाही. अडीच किलोच्या आसपास ते स्वतः, आणि वर विटेएवढा अडॅप्टर.

बॅटरीवर गेम होईल ही आशाही सोड. बॅटरी ६० वॅट-तासांची धर, आणि गेम १०० वॅट खातोय, भागाकार कर, ३६ मिनिटं, आणि तेवढ्यातही बॅटरीवर मशीन कार्डाला पूर्ण वीज देतच नाही. गेम म्हणजे प्लग लावूनच. पण सतत प्लगला आणि सतत १०० टक्के, वरून आतली गरमी, याने बॅटरी फुगते. वर्षातून कितीतरी लॅपटॉप येतात ज्यांचा टचपॅड वर उचलला गेलेला असतो, पोरांना वाटतं टचपॅड खराब झाला, खाली बॅटरी फुगून बसलेली असते. बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांच्या आसपास थांबवायची सोय असते, पहिल्याच दिवशी चालू कर.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काय करायचं तेही लिहितो, कारण बदलून मिळायची मुदत थोडे दिवसच असते. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाक, सायबरपंक किंवा जो जड गेम असेल तो प्लग लावून पूर्ण एक तास चालव, पाच मिनिटं नाही, उष्णता साठायला वेळ लागतो. मग बघ कार्ड किती वॅट घेतंय, सांगितले होते तेवढे तासाच्या शेवटीही घेतंय का, आणि प्रोसेसर किती तापतोय. ९० च्या घरात जाणं गेमिंग लॅपटॉपला नवीन नाही, घाबरू नकोस, पण १०० ला चिकटून बसला आणि वॅट कोसळत गेले तर लगेच परत कर. वॅट टिकले तर तुझं मशीन चांगलं आहे.

उन्हाळ्यासाठी मी ग्राहकांना दोन गोष्टी करून देतो, तू स्वतः करू शकशील. एक, गेममध्ये फ्रेमला मर्यादा घाल, कथेच्या गेमला ६० पुरतात, कार्ड उगाच ११० काढायला पळत नाही आणि खोलीही कमी तापते. दुसरं, विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के कर, त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जास्तीचा वेग, बंद होतो, प्रोसेसरचं तापमान बऱ्यापैकी खाली येतं, आणि ज्या गेमला कार्डच जास्त लागतं तिथे फ्रेम फार जात नाहीत. व्हॅलोरंटला मात्र परत १०० कर, त्याला प्रोसेसर लागतो.

आणि रूमचं अजून पक्कं झालेलं नसेल तर जाताना हे आठवणीने बघ. बऱ्याच मोठ्या गेमिंग लॅपटॉपच्या अडॅप्टरला १६ अँपियरची जाड तीन पिनची वायर येते, एसी-गीझरला असते तशी, आणि भाड्याच्या रूममध्ये टेबलाजवळ सगळे पॉइंट ६ अँपियरचे असतात. मग मुलं स्वस्त कन्व्हर्टर लावतात, तो सैल बसतो, ठिणग्या उडतात, अर्थिंग नसलं की मेटलच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. बॉक्स दुकानातच उघडून पिन बघ, जाड असेल तर रूममालकाला सांगून टेबलाजवळ अर्थिंगसकट १६ चा पॉइंट काढून घे, आणि मालक तयार होत नसेल तर इलेक्ट्रिशियनचे पैसे तू देतो म्हण, ८५ हजारांच्या मशीनपुढे ते काहीच नाहीत.